पेटी मुंबईला धाडण्याआधी : वाद्यदुरुस्तीचे सहा दिवसांचे वर्ग कोकणातच हवेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमा उलटली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वाड्यावाड्यांतून भजनी मंडळांच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, कपाटाबाहेर निघतात. कुठल्या पेटीचा एक सूर थांबता थांबत नाही, कुठे भाता मारून मारून हात भरून येतो, तर कुठे पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, ढिली पडून नुसती धप्प बोलते. गणपती तोंडावर आलेले असतात. मग पेटी ओळखीच्या माणसाबरोबर गाडीने मुंबईला जाते, नाहीतर कुणीतरी आंबा घाट चढून कोल्हापूर-मिरज गाठतो. त्या दिवसांत तिकडच्या कारागिरांकडेही कामाचा ढीग साचलेला असतो. पेटी परत येते ती गौरीविसर्जनानंतर.

वाद्यदुरुस्ती लोप पावत चालली, कारागीर उरले नाहीत, अशी हळहळ आपल्या वृत्तपत्रातही अधूनमधून वाचायला मिळते. हळहळीशी आमचे भांडण नाही. पण घाटावर किंवा मुंबईला जाणाऱ्या बहुतेक पेट्यांचे दुखणे किरकोळ असते, आणि ते दूर करायला वीस वर्षांचा अनुभव लागत नाही. सहा दिवस स्वतःच्या हाताने काम करून शिकलेला, वाडीतलाच एखादा माणूस ते करू शकतो. असे छोटे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत निघावेत, म्हणून हे पत्र. त्यात काय शिकवावे आणि काय मुळीच शिकवू नये, हे थोडे तपशिलाने लिहितो.

कोकणात वाद्य बिघडते ते वाजवून कमी, हवेने जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यालगत आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. लाकूड ओल पिऊन फुगते आणि शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासू लागतात. कातडे सैल पडते. स्प्रिंगा आणि स्क्रू खाऱ्या वाऱ्याने गंजतात, सूर देणाऱ्या पितळी रीडवर हिरवा कळंक चढतो, सरसाने चिकटवलेले जोड बुरशी धरून सुटतात. त्यात झुरळे भात्याचे कापड कुरतडतात आणि कुंभारीण माशी वारा आत घेण्याच्या भोकातच मातीचे घर बांधते. जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली पेटी तर हमखास जाते, कारण जांभा ओल धरून ठेवतो.

म्हणून पेटीच्या वर्गाचा पहिला अख्खा दिवस वारा कुठून गळतो ते शोधण्यात जावा. पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकला की माणूस उगाच सगळी पेटी उसवून बसतो. आधी सगळे स्टॉपर, म्हणजे रीडकडे वारा सोडणाऱ्या खुंट्या, बंद करायचे, बाहेरचा भाता मारून पोटातला भाता पूर्ण भरायचा आणि हात काढून घ्यायचा. वारा भराभर उतरला तर दोष पोटातल्या भात्यात, त्याच्या जोडांत किंवा झडपेत आहे. त्यातही बाहेरचा भाता आपोआप उघडू लागला तर दोन भात्यांमधली झडप गेली असे समजावे, कारण आत गेलेला वारा तिथूनच परत येतो आहे. वारा नीट टिकला तर आता सतत सूर धरणारे ड्रोनचे सोडून बाकीचे स्टॉपर उघडायचे, पट्टी एकही दाबायची नाही. इथे वारा उतरला तर गळती वरच्या मजल्यावर आहे : पट्ट्यांच्या पोटाला लावलेल्या फेल्ट-कातडीच्या गाद्या नीट बसत नाहीत किंवा रीडबोर्ड, म्हणजे रीड बसवलेली फळी, खालच्या चौकटीवर घट्ट टेकलेला नाही. या दोन चाचण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत आणि निम्मे काम तिथेच वाचते.

नेमकी जागा सापडायला उदबत्ती पुरते. भाता भरून जोडाजोडावरून ती सावकाश फिरवायची. धूर जिथे अचानक वाकतो तिथे भोक. भाता बहुधा घडीच्या कोपऱ्यांवर फाटतो. तिथे बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या मऊ, पातळ कातडीचे ठिगळ लावायचे. ठिगळाच्या कडा आतल्या बाजूने तासून कागदासारख्या पातळ करायच्या, नाहीतर घडी मिटताना ठिगळ उचकटते. चिकटवायला गरम पाण्यात भांडे ठेवून विरघळवलेला सरस किंवा पांढरा फेविकॉल, तोही अगदी पातळ हाताने. झटपट चिकटणारी द्रव्ये इथे वापरू नयेत. ती वाळली की काचेसारखी कडक होतात आणि भात्याची घडी त्याच रेषेवर मोडते. ठिगळ लावल्यावर भाता थोडा उघडा ठेवून रात्रभर वाळवायचा. मिटून ठेवला तर सकाळी घड्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे सूर वाजत राहणे. इथे लोक पहिल्यांदा रीडवर संशय घेतात आणि रीड बिचारी निर्दोष असते. त्या पट्टीचे पुढचे टोक बोटाने हलकेच वर उचलून पाहावे. तसे केल्याने मागची गादी भोकावर दाबली जाते. सूर थांबला तर स्प्रिंग मऊ पडली आहे किंवा पट्टी कुठेतरी घासते आहे. तरीही वाजत राहिला तर गादीखाली कचरा आहे किंवा कातडी सुकून कडेने वळली आहे. कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी, असलेल्या पेटीत आधी तो बंद करून बघावे, त्याची वाकलेली तार शेजारची पट्टी दाबून धरत असते. गादी बसते की नाही हे पाहायला पातळ कागदाची पट्टी तिच्याखाली सरकवून ओढावी. चारही बाजूंनी सारखा अडथळा लागला पाहिजे.

आता कोकणातली सर्वांत महागडी चूक. श्रावणात फुगलेली पट्टी अडकली की हौशी माणूस पॉलिश पेपर घेतो आणि बाजूने घासून मोकळी करतो. त्या दिवशी पेटी झकास चालते. मार्गशीर्षात कोरडा वारा सुटला की तीच पट्टी आक्रसते, दोन्हीकडून खुळखुळते, तिची गादी तिरकी बसते आणि मग ती कायमची गळते. फुगलेल्या लाकडाला कधीही तासू नये. पेटी आधी कोरड्या जागी, झाकण उघडून, दोनतीन दिवस ठेवावी. तोवर गप्प बसणे हेही प्रशिक्षणातच आले पाहिजे. सुकल्यावरही घासत असेल तरच, घासल्याची चकाकी जिथे दिसते तेवढ्याच जागी, ४०० नंबरच्या पेपरचे दोन हात.

पट्ट्या बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येकीच्या मागच्या टोकावर पेन्सिलीने १ पासून क्रमांक घालावेत आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ४२ पट्ट्यांच्या पेटीत कुठलीही पट्टी दुसरीच्या जागी अगदी तंतोतंत बसत नाही. स्प्रिंगांचा जोर सारखा आहे का हे तपासायला वजनकाटा लागत नाही. नाण्यांची एकच चळत प्रत्येक पांढऱ्या पट्टीच्या टोकावर ठेवून पाहावी, सगळ्या सारख्या खाली गेल्या पाहिजेत. स्प्रिंग बदलायची झाली तर पितळी किंवा फॉस्फर ब्राँझची घ्यावी. आपल्या हवेत साधी पोलादी तार टिकत नाही.

रीडच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे. दोन संचांच्या, ४२ पट्ट्यांच्या पेटीत ८४ रीड असतात. रीड म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेली पितळी जीभ. न बोलणाऱ्या रीडमध्ये बहुतेक वेळा केस, धाग्याचा तुकडा किंवा धूळ अडकलेली असते. गॅरेजमध्ये असते त्या फिलर गेजचे सर्वांत पातळ पान जिभेच्या कडेने अलगद फिरवले की ती निघते. जीभ चौकटीला घासत असेल तर ती मधोमध आणावी लागते. तिचे टोक चौकटीपेक्षा किंचित उचललेलेही असावे लागते. अगदी सपाट बसली तर वारा मिळूनही सूर गुदमरतो, फार उचलली तर सूर उशिरा निघतो आणि वारा जास्त खातो. रीडचे स्क्रू आवळतानाही बेताने. जोर लावला तर चौकट पिळवटते आणि चांगली रीड खरखरू लागते.

घरातली तांब्यापितळेची भांडी चिंच-कोकमाने लखलखीत होतात, तशीच रीडही करावी असे कुणाला वाटले तर त्याचे हात धरावेत. आंबट पदार्थ पितळ खातो, सूर सरकतो आणि फटीत राहिलेला आंबटपणा महिन्याभरात पुन्हा कळंक आणतो. मऊ कोरडा ब्रश आणि टोकदार बांबूची काडी, बस्स. गंज सोडवायला मिळणारे फवाऱ्याचे तेलही आत मारू नये. तेलावर धूळ बसते, आणि ते गाद्यांच्या कातडीत मुरले की त्या चिकट होतात.

सूर लावण्याचे तत्त्व सांगायला एक मिनिट पुरते : जिभेच्या मोकळ्या टोकाकडचे पितळ कमी केले की सूर चढतो, रिव्हेटकडचे कमी केले की उतरतो. करायला मात्र वर्षे लागतात. जिभेखाली पातळ पोलादी पट्टीचा आधार देऊन सुई-कानशीचे दोनतीन हलके हात, मग रीड पेटीत परत बसवून, एकसारख्या दाबाने भाता मारत मोबाइलवरच्या ट्यूनरने पाहायचे. रीड हातात धरून फुंकली तर वेगळे दिसते, पेटीत बसवल्यावर वेगळे. कानशीने ती तापलेली असते, म्हणून जरा थांबावेही लागते. एकाच सप्तकाच्या दोन रीड एकत्र वाजवल्यावर सेकंदाला दोन लाटा ऐकू आल्या तर त्यांच्यात २ हर्ट्झचा फरक आहे. लाट पार विरली की त्या जुळल्या. हे सगळे शिकाऊ माणसाने आधी निकामी रीडवर करावे, निदान वीस रीड घासून फुकट घालवाव्यात, आणि तोवर कुणाच्याही चालू पेटीला कानस लावू नये. जुन्या जर्मन किंवा पॅरिस रीडच्या पेट्या आजही काही देवळांत आणि दशावतारी मंडळांकडे आहेत. त्या वर्गात आणूच नयेत. घासलेले पितळ परत येत नाही. जीभ तुटलीच असेल तर जुनी रीड नमुन्याला देऊन त्याच सुराची नवी मागवावी. गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीड देशभर वापरल्या जातात.

चामड्याच्या वाद्यांसाठी चार दिवस वेगळे हवेत, आणि इथे मर्यादा आणखी स्पष्ट ठेवावी लागेल. शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, भरणे लघुवर्गात शिकवू नये. लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटत शाई चढते. थर किती ओला असताना घोटायचा हे हाताला कळायला काही महिने जातात. तयार पुडी मिरज, पुणे, मुंबईहून येते. ती नीट चढवता आली तरी गावाचे काम भागते.

पुडी चढवतानाही लोक तोंडाचे माप चुकवतात. खोडाच्या, म्हणजे वाद्याच्या लाकडी अंगाच्या, तोंडाचा बाहेरचा व्यास मोजून मगच पुडी मागवावी. सव्वापाच इंचांच्या आणि साडेपाच इंचांच्या तबल्याची पुडी एकमेकांना चालत नाही, आणि साडेपाच इंची तोंड ओढूनताणून उंच सुरात चढवले तर कनार, म्हणजे पुडीच्या कडेची कातडी पट्टी, फाटते. जुनी पुडी काढली की खोडाची कड सपाट आहे का पाहावे : काचेच्या तावदानावर गेरूची पूड पसरून खोड त्यावर उपडे फिरवायचे. जिथे गेरू लागतो तो उंचवटा. तेवढाच घासायचा आणि पुन्हा पाहायचे. कड वाकडी असताना नवी पुडी चढवणे म्हणजे पैसे पाण्यात. फणसाच्या खोडाला किड्यांची भोके असतील तर तीही याच वेळी बुजवावीत.

मग गजऱ्याभोवती, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या कातडी वेणीभोवती, ओले फडके गुंडाळून काही तास ठेवायचे, शाईला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी कातडी पट्टी, हीही भिजवून मऊ करायची. ती गजऱ्याच्या १६ घरांतून आणि तळाच्या कड्यातून सैल ओवून घ्यायची, नंतर तीनचार फेऱ्यांत, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढत घट्ट करायची. एकाच फेरीत आवळली की पुडी एका बाजूला सरकते आणि शाई मध्यावर राहत नाही. वादीखाली आठ गठ्ठे, म्हणजे लाकडी ठोकळे, घालून सावलीत दिवसभर सुकवायचे, उन्हात नाही. त्यानंतर हातोडी, गजऱ्यावर वरून ठोकले की सूर चढतो, खालून ठोकले की उतरतो. मोठा फरक गठ्ठ्यांनी, बारीक फरक गजऱ्याने. गठ्ठे एका पातळीत नसतील तर प्रत्येक घर वेगळे बोलते.

पावसात ढिली झालेली पुडी गॅसच्या शेगडीवर धरणारे वादक प्रत्येक गावात सापडतील. कातडे तेवढ्यापुरते ताणते, पण शाईला तडे जाऊन तिचे खवले सुटतात. विजेचा दिवा हातभर अंतरावर ठेवून सावकाश ऊब द्यावी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाजवून झाल्यावर लगेच खरवडून पुडी कोरड्या फडक्याने पुसावी. रात्रभर राहिली तर आधी बुरशी येते, मग उंदीर. साठवणीसाठी तांदळाची पुरचुंडी ठेवतात, तिचा उपयोग नाही; आपल्याकडचे तांदूळच ओले असतात, शिवाय त्यांना किडे लागतात. सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी, तिचा रंग बदलला की खडे तापवून पुन्हा वापरता येतात.

हे वर्ग भरवायचे कुणी? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा साचा या कामाला चपखल बसतो : ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, १५ दिवसांचे प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये. मात्र योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार आहे, चर्मकार आहे, होडी बांधणारा आणि खेळणी करणारा आहे. वाद्य घडवणारा किंवा दुरुस्त करणारा नाही. तो १९वा व्यवसाय म्हणून घालावा, ही मागणी आपल्या खासदारांनी लावून धरावी. तोपर्यंत थांबायचे कारण नाही. अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत निवासी वर्ग होतातच, आयटीआयच्या सुतारकामाच्या शाळेत टेबले आणि शिकंजे तयार आहेत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांना गठ्ठे कातणे अवघड नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली ती शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी; जवळचे कौशल्य असले की माणूस वळतो. स्कूटर दुरुस्त करणारी मुले आणि शिलाईकाम येणाऱ्या महिला भजनी मंडळांतल्या बाया या वर्गांत सर्वांत लवकर तयार होतील, असा आमचा होरा आहे. चामड्याच्या वर्गाला मात्र काहीजण निव्वळ ‘चामड्याला हात कशाला’ म्हणून येणार नाहीत. पखवाजाला नमस्कार करायचा आणि वादीला शिवायचे नाही, हा ढोंगीपणा आहे.

इंग्लंडमध्ये नेवर्क येथे १९७२ साली व्हायोलिन बनवण्याची शाळा निघाली, पाठोपाठ पियानो, फुंकवाद्ये, गिटार यांचे विभाग आले. अमेरिकेत रेड विंग नावाच्या छोट्या गावात बँडच्या वाद्यांची दुरुस्ती शिकवतात. ते लांब पल्ल्याचे शिक्षण आहे आणि आपल्याकडेही कधीतरी हवे. आज मागतो आहोत ते त्याहून फार थोडे.

एका शिक्षकामागे आठांपेक्षा जास्त शिकाऊ नसावेत. तीस जण गोल बसले आहेत, मधे एक पेटी उघडली आहे आणि शिक्षक बोलतो आहे, असा वर्ग घेऊ नये. त्यातून प्रमाणपत्र मिळते, हात तयार होत नाही. प्रत्येकाने आपल्या मंडळाची बिघडलेली पेटी आणावी, आणि वाद्य सार्वजनिक असते म्हणून मंडळाची लेखी संमती सोबत असावी. अवजारांची पेटी देताना सुताराचा ठरावीक संच देऊ नये. इथे लागतात मापाचे स्क्रूड्रायव्हर, चिमटा, सुई-कानशी, फिलर गेज, मऊ ब्रश, कातडी, फेल्ट, सुट्या स्प्रिंगा आणि पितळी स्क्रू.

वेळही कोकणाची पाहून ठरवावी. मे महिना आंब्याचा आणि चाकरमान्यांचा, आषाढ लावणीचा. पौष बरा : लग्ने नाहीत, हवा कोरडी, सरस आणि कातडे दोन्ही नीट सुकतात. नंतर लावणी आटोपल्यावर, श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात, त्याच मंडळींना दोन दिवस पुन्हा बोलवावे, कारण पौषात केलेले काम पावसात टिकले की नाही ते तेव्हाच दिसते. लेखी परीक्षा नको. पाच बिघाड मुद्दाम करून ठेवलेली एक पेटी प्रत्येकापुढे ठेवावी आणि दोन तास द्यावेत. पाचांपैकी चार दोष ज्याने उदबत्ती, कागदाची पट्टी आणि बोटाने शोधले आणि ज्याने त्या दोन तासांत कानशीला हात लावला नाही, त्याला प्रमाणपत्र द्यावे.

आपले,
पेटी-पखवाजाच्या दुरुस्तीचे काम करणारे काही जण,
जि. सिंधुदुर्ग